वेताची जाळी, काड्या आणि दोरीची बैठक: दुरुस्ती कशी करायची

दुरुस्तीला हात घालण्याआधी खुर्ची उलटी करा. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन जाळ्या खालून पाहिल्या की वेगळ्या निघतात. कोणतं सामान आणायचं आणि किती वेळ जाणार, हे तिथेच ठरतं.

चौकटीला आरपार छिद्रांची रांग असेल आणि त्यांतून वेताच्या पट्ट्या वर-खाली गेलेल्या दिसत असतील, तर बैठक हाताने विणलेली आहे. खालून काहीच नाही, पण वर जाळीच्या कडेने एक काडी ठोकून बसवलेली दिसते, तर ती तयार जाळीची बैठक. तिच्या चौकटीत खाच असते, खाचेत जाळी आणि जाळीवर स्प्लाइन, म्हणजे जाळी दाबून धरणारी वेताची काडी. तिसरा प्रकार फसवा आहे: छिद्रं वरून दिसतात, खालून नाहीत. यात पट्टीचं प्रत्येक टोक बंद छिद्रात गोंद आणि खुंटीने पक्कं केलेलं असतं. हे काम पहिल्या प्रयत्नात अंगावर घेऊ नका.

खुर्चीचं नाव किंवा मॉडेल पाहून सामान मागवण्यात अर्थ नाही. थोनेट या फर्निचर बनवणाऱ्या कंपनीची १४ नंबरची प्रसिद्ध खुर्ची १८५९ ची. तिच्या गोल बैठकीला छिद्रांतून विणलेली जाळीही सापडते आणि खाचेत दाबलेलीही. उलटी करून बघणं आणि मोजणं, याला पर्याय नाही.

आधी चौकट

विणकाम सगळ्यात शेवटी. समोरासमोरचे कोपरे धरून चौकट तिरकी दाबून पाहा. सांधा किंचितही हलला तर तो पूर्ण उघडा, जुना गोंद पटाशीने खरवडून लाकूड उघडं करा, नवा गोंद लावा आणि २४ तास क्लॅम्पमध्ये ठेवा. जुन्या गोंदाच्या थरावर नवा गोंद ओतला की तो धरल्यासारखा वाटतो, पण धरत नाही.

एवढा आग्रह कशासाठी? ओला वेत सुकताना आखडतो आणि चारही बाजूंनी चौकट आत ओढतो. सांधा सैल असेल तर तो या ओढीला बळी पडतो, आणि महिन्याभरात जाळी झोळीसारखी लोंबते. मग दोष जाळीला दिला जातो. छिद्रांच्या रांगेवरही बारीक नजर टाका, कारण दोन छिद्रांच्या मधलं लाकूड रेषेत तडकतं. तडा असेल तर त्यात पातळ गोंद मुरवून क्लॅम्प लावा. ताण पडल्यावर तो नक्की वाढणार.

पाणी किती, हे धाग्यावर ठरतं

वेत हा ताडाच्या कुळातला वेल. त्याची चकचकीत साल सोलून ज्या पट्ट्या निघतात त्यांनी जाळी विणतात. आतल्या गाभ्यापासून गोल आणि चपट्या काड्या काढतात, त्यांनी टोपलीसारखं विणलेलं फर्निचर होतं. सालीची चकचकीत बाजू पाणी जवळजवळ पीत नाही, मागची बाजू पिते. गाभा भराभर पितो.

म्हणून पट्ट्या कोमट पाण्यात १५ ते २० मिनिटं. ३ मि.मी.च्या गोल काड्या तेवढ्याच, जाड काड्या अर्धा तास किंवा थोडं जास्त. रात्रभर भिजत ठेवलेली काडी करडी पडते, तिच्या अंगावर तंतू उभे राहतात आणि ते नंतर कितीही घासले तरी पूर्ण बसत नाहीत. पाण्यात चमचाभर ग्लिसरीन टाकलं तर पट्टी विणताना सहज सरकते.

सीग्रासची दोरी, म्हणजे गवताला पीळ देऊन केलेली दोरी, भिजवायची नाही, फक्त ओलसर करायची. जास्त पाण्याने तिचा पीळ सुटतो. कागदाच्या दोरीला विणताना ओल्या फडक्याचा हात पुरतो, बुडवली तर ती फुगते. जलपर्णीच्या वेण्या घातलेल्या फर्निचरला तर पाणी दाखवूच नये, त्यावर बुरशी सगळ्यात लवकर धरते.

जाळी फक्त सैल झाली असेल तर

एकही पट्टी तुटलेली नाही, पण बैठक खाली गेली आहे, अशी स्थिती असेल तर काहीच काढू नका. खुर्ची उलटी करा आणि गरम पाण्यात पिळलेलं जाड फडकं जाळीच्या खालच्या बाजूवर अर्धा तास ठेवा. वरून पाणी घालून उपयोग नाही, ती बाजू पाणी पीत नाही. फडक्याचं पाणी लाकडी चौकटीवर ओघळू देऊ नका, पॉलिशवर पांढरे डाग पडतात. मग सावलीत, वारा खेळेल अशा जागी २४ तास सुकू द्या. या वेळात कोणी बसता कामा नये, कारण ओली जाळी वजनाने ताणली की तशीच सुकते. वेत जुना होऊन कडक झाला असेल आणि बोटाने दाबताच कट्कट् आवाज येत असेल, तर या उपायाने थोडेच दिवस निघतील.

जाळीत मधेच तुटलेल्या एक-दोन पट्ट्या जोडण्याचा मोह टाळा. एक पट्टी वयाने तुटली म्हणजे शेजारच्याही त्याच वाटेवर असतात. अपवाद एकच: काही पडून किंवा टोचून बाकी धडधाकट जाळीला भोक पडलं असेल, तर तेवढ्यापुरता जोड चालतो.

तयार जाळी बदलणं

सामान: जाळी, स्प्लाइन, खाचेपेक्षा किंचित अरुंद पटाशी, धारदार कटर, लाकडी हातोडा, सात-आठ लाकडी पाचरी, सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद) किंवा पांढरा सुतारी गोंद. पुढच्या वेळी जाळी पुन्हा काढायची आहे हे लक्षात घेता सरसच बरा, कारण तो गरम पाण्याने सुटतो. इपॉक्सी तर मुळीच नको.

जाळी खाचेच्या बाहेर चारही बाजूंना अडीच सें.मी. निघेल एवढी घ्या. स्प्लाइन निवडताना खाच कॅलिपरने मोजा. खाचेत काडीबरोबर जाळीची जाडीही जाणार आहे, म्हणून काडी अर्धा ते एक मि.मी. बारीक हवी. ५ मि.मी.च्या खाचेला ४ ते ४.५ ची काडी. काडीचा छेद पाचरीसारखा असतो, अरुंद बाजू खाली.

जुनी काडी काढणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. आधी काडीच्या दोन्ही कडांनी कटरने रेघ ओढा, म्हणजे ओढताना लाकडाचं पापुद्र्यासारखं पॉलिश उखडणार नाही. मग गरम व्हिनेगर किंवा नुसतं गरम पाणी ड्रॉपरने काडीवर सोडत राहा. सरस असेल तर तास-दोन तासांत मऊ होतो. मागच्या मधल्या भागातून पटाशी घालून उचला, कोपऱ्यातून सुरुवात करू नका, तिथे चौकटीचं लाकूड सगळ्यात कमजोर असतं. काडी निघाली की खाचेचा तळ आणि दोन्ही भिंती खरवडा. तळात गोंदाचा खडा राहिला तर नेमकी तिथे नवी काडी वर उचलली जाते, आणि ती हातोडीने कितीही ठोकली तरी बसत नाही.

खाच कोरडी झाल्यावर पुढचं काम सलग करायचं आहे, तेव्हा सगळं हाताशी ठेवा.

जाळी कोमट पाण्यात ३० ते ४५ मिनिटं, काडी २० ते ३० मिनिटं भिजवा. चकचकीत बाजू वर ठेवून जाळी चौकटीवर पसरा आणि तिच्या सरळ रेषा पुढच्या दांड्याला समांतर आहेत ना, हे दुरून बघा. वाकडी बसली तर नंतर उपाय नाही. खाचेच्या वर आणि खाचेला समांतर पडणाऱ्या पट्ट्या उसवून काढून टाका. त्या तशाच ठेवल्या तर खाचेत जाताना जाळी अडते आणि तुटते.

आता मागच्या मधोमध जाळी पाचरीने खाचेत दाबा, पाचर तिथेच राहू द्या. मग समोर मधोमध, हलका ताण देऊन. मग दोन्ही बाजू, शेवटी कोपरे. ताण इथे बेताचाच हवा, उरलेलं काम सुकताना वेत स्वतः करतो. ओल्या जाळीलाच टणक ताणलं तर सुकल्यावर पट्ट्या नेमक्या खाचेच्या आतल्या कडेवर तुटतात. खाचेची ती कड धारदार असेल तर आधीच पॉलिश पेपरने गोल करून घ्या.

जाळी सगळीकडे तळाला टेकली की बाहेर उरलेला भाग खाचेच्या बाहेरच्या भिंतीलगत, वरच्या कडेच्या थोडं खाली, पटाशीने कापा. खाचेत गोंदाची बारीक रेघ सोडा. काडीची सुरुवात मागच्या मधोमध करा, एकेक पाचर काढत काडी पुढे ठोकत जा. हातोडा थेट काडीवर नको, मधे लाकडी ठोकळा धरा. चौकोनी बैठकीत काडी कोपऱ्याला ४५ अंशांत कापून जोडा. गोल बैठकीत एकच अखंड काडी, तिची दोन्ही टोकं मागे भिडवा. ओघळलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसा. ४८ तास कोणी बसायचं नाही.

हाताने सहा थरांची जाळी

यात साधी बैठकही सवय नसलेल्या हाताला १५-२० तास घेते. ७२ छिद्रांच्या बैठकीला साधारण ७५ मीटर पट्टी लागते. पट्टीची रुंदी छिद्रांवरून ठरवायची. अंतर म्हणजे एका छिद्राच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत:

– छिद्र ३ मि.मी., अंतर साडेनऊ: पट्टी २ मि.मी.
– छिद्र ५, अंतर साडेबारा: पट्टी सव्वादोन
– छिद्र ५, अंतर १६: पट्टी अडीच
– छिद्र ६, अंतर १९: पट्टी पावणेतीन ते ३
– छिद्र ८, अंतर २२: पट्टी साडेतीन

रुंद पट्टी घेतली तर तिरपे थर शेवटी छिद्रात शिरतच नाहीत. शंका असेल तेव्हा अरुंद बाजूला झुका.

प्रत्येक पट्टीला सुमारे फूटभर अंतराने पेऱ्याची गाठ असते. नख पट्टीवरून फिरवा: एका दिशेने गाठीवरून सहज सरकतं, उलट दिशेने अडतं. सहज सरकणारी दिशा ओढण्याची. उलट ओढली तर पट्टी प्रत्येक ठिकाणी अडते आणि कड फाटते. बऱ्याच जणांची पट्टी पुन्हा पुन्हा तुटते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

छिद्रं आधी आरीने (टोच्याने) आणि ड्रिलने साफ करा. मागच्या आणि पुढच्या दांड्याचं मधलं छिद्र मोजून काढा, तिथे खुणेच्या खुंट्या लावा. पट्टी तात्पुरती धरायला दहा-बारा लाकडी खुंट्या हव्यात.

पहिला थर उभा. मागच्या मधल्या छिद्रात पट्टीचं १० सें.मी. टोक खाली सोडा, खुंटी मारा, पट्टी पुढच्या मधल्या छिद्रात खाली घाला, शेजारच्या छिद्रातून वर काढा, पुन्हा मागे. चकचकीत बाजू कायम वर, आणि खालच्या वळणावर पट्टीला पीळ पडता कामा नये. बोटाने दाबल्यावर सेंटिमीटरभर खाली जाईल एवढी सैल ठेवा. पुढची बाजू मागच्यापेक्षा रुंद असेल तर पुढे छिद्रं उरतात. तिथल्या पट्ट्या बाजूच्या दांड्यावरच्या अशा छिद्रांत न्या की त्या मधल्या पट्ट्यांना समांतर राहतील. कोपऱ्याची छिद्रं या थरात मोकळी ठेवा.

दुसरा थर आडवा, पहिल्याच्या नुसता वर टाकायचा, विणायचं नाही. तिसरा पुन्हा उभा, पहिल्याच छिद्रांतून, पण दोन्ही थरांच्या वरून आणि प्रत्येक जुन्या पट्टीच्या किंचित उजवीकडे. हा थर असा चालवा की खालची वळणं पहिल्या थराने मोकळ्या सोडलेल्या जागी पडतील. खालची बाजू नीटनेटकी होते आणि टोकं बांधायला जागा मिळते.

चौथ्या थरात विणकाम सुरू होतं. आडवी पट्टी उजवीकडून डावीकडे, दुसऱ्या थराच्या पट्टीच्या पुढच्या अंगाने: तिसऱ्या थराच्या वरून, पहिल्याच्या खालून. जोडीतल्या दोन पट्ट्या इथे एकमेकींना धरतात. पाच-सहा जोड्या विणून मगच पट्टी ओढा, एकदम पूर्ण ओळ विणून ओढाल तर घर्षणाने कड जाईल. थर संपल्यावर जाळी ओली करा आणि दोन खुंट्यांनी प्रत्येक जोडी जवळ सरकवून मधे स्वच्छ चौकोन तयार करा. हे टाळलं तर तिरपे थर घालताना हाल होतात.

पाचवा आणि सहावा थर तिरपे, एकमेकांच्या उलट. एक थर उभ्या जोड्यांच्या खालून आणि आडव्या जोड्यांच्या वरून जातो, दुसरा त्याच्या उलट. कोणता कोणत्या दिशेला, हे आधीच्या चार थरांच्या मांडणीवर अवलंबून असतं, म्हणून पाठ करण्यापेक्षा तपासा. कोपऱ्यापासून पहिली तिरपी ओळ विणून ओढा. ती जोड्यांच्या बेचक्यात अलगद सरकून बसली तर बरोबर. जोड्यांच्या कडांवर घासत, नागमोडी होऊन वर राहिली तर उसवा आणि वर-खालचा क्रम उलटा करा. चौकोनी बैठकीत कोपऱ्याच्या प्रत्येक छिद्रात दोन तिरप्या पट्ट्या जातात.

टोकं खाली बांधायची ती ओली असतानाच: शेजारच्या दोन छिद्रांमधल्या वळणाखालून दोनदा गुंडाळा, घट्ट करा, २ सें.मी. ठेवून कापा. शेवटी छिद्रांवरून एक रुंद पट्टी ठेवून बारीक पट्टीने प्रत्येक किंवा एकाआड एक छिद्रातून टाके घाला. ही किनार केवळ शोभेची नाही, तिने छिद्रांची कड झाकली जाते आणि घाण आत जात नाही.

सगळं जमलं की नाही, ते दुसऱ्या दिवशी कळतं. सुकलेल्या जाळीवर बोटाने टिचकी मारली तर टणक, स्पष्ट आवाज यायला हवा.

काड्यांचं विणकाम

टोपलीसारख्या विणीत उभ्या काड्या भार घेतात आणि आडव्या काड्या त्यांच्यातून पुढे-मागे जातात. आडवी तुटली तर तुटका भाग दोन्ही बाजूंना उभ्या काडीच्या मागे कापा, म्हणजे टोक पुढून दिसणार नाही. त्याच जाडीची भिजवलेली काडी जुन्या क्रमानेच विणा आणि तिची टोकंही उभ्या काडीच्या मागेच संपवा. टोक सुकून आखडतं, त्यामुळे उभ्या काडीच्या पलीकडे ५ ते ८ मि.मी. जास्त सोडा, नाहीतर आठवड्याभरात ते पुढे निसटतं.

उभी काडी तुटली असेल तर ती उपसून काढण्याच्या भानगडीत पडू नका, सगळी वीण सैल होईल. टोक निमुळतं केलेली नवी काडी जुन्या काडीच्या बाजूने आरीने वाट करून वर आणि खाली किमान ५ सें.मी. सरकवा, टोकाला थोडा गोंद लावून. पायांवरचं किंवा हातांवरचं गुंडाळणं सुटलं असेल तर सुरुवातीचं टोक पहिल्या चार-पाच वेढ्यांखाली दाबा. शेवटचं टोक गोंद आणि बारीक चुकेने, म्हणजे छोट्या खिळ्याने, बसवा. चूक ठोकण्याआधी बारीक छिद्र पाडून घ्या, नाहीतर सुकी काडी चिरते.

दोरीची बैठक

सीग्रास किंवा कागदाच्या दोरीची चार त्रिकोणांची बैठक विणायला सोपी असते. दोरी पुढच्या दांड्यावरून खाली, मधून वर, बाजूच्या दांड्यावरून खाली, पुन्हा मधून वर, आणि समोरच्या बाजूला पुढच्या कोपऱ्यात. पुढची बाजू रुंद असेल तर आधी दोन्ही पुढच्या कोपऱ्यांत आखूड दोऱ्या चुकांनी बाजूच्या दांड्याला ठोकून भरा, उरलेली जागा चौकोन होईपर्यंत. प्रत्येक वळणाला काटकोन तपासा. दोन-तीन दोऱ्या तिरक्या गेल्या की शेवटी मधली रेघ वाकडी येते. प्रत्येक सात-आठ फेऱ्यांनंतर वरच्या आणि खालच्या दोऱ्यांच्या मधल्या पोकळीत पुठ्ठ्याचे त्रिकोण सरकवा, त्याशिवाय बैठक लवकर खचते. दोरी मोजून आणा: डॅनिश डिझायनर हान्स वेग्नरची १९४९ ची सीएच २४ खुर्ची सुमारे १२० मीटर कागदी दोरी खाते.

कीड, बुरशी, पॉलिश

एक-दोन मि.मी.ची गोल छिद्रं आणि त्याखाली ताजा, फिकट भुगा दिसला तर भिरूड चालू आहे. हे किडे वेताच्या गाभ्यात आणि बांबूत पिष्टासाठी शिरतात. छोटी वस्तू प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून उणे २० अंशाला किमान आठवडाभर ठेवा, आणि बाहेर काढल्यावर तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर वेतावर पाणी सुटतं. कीड संपल्याशिवाय नवं विणकाम नको.

बुरशी कोरड्या ब्रशने उघड्यावर झटका, मग व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन पिळलेल्या फडक्याने पुसा. हवेतली आर्द्रता ५०-६० टक्क्यांच्या खाली ठेवली नाही तर ती परत येणार. जुन्या रंगवलेल्या काड्यांवरचा रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

नव्या जाळीला पॉलिशची गरज नाही. चकचकीत बाजू रंगही नीट घेत नाही. जुन्या फर्निचरशी मेळ घालायचा असेल तर लाखेच्या पॉलिशमध्ये रंग मिसळून पातळ हात द्या. पॉलीयुरेथेनचा जाड थर मागून-पुढून दिला की वेत श्वास घेत नाही, ओला करून ताणताही येत नाही आणि ठिसूळ होतो. गाभ्याच्या काड्यांना जवसाच्या तेलाचा पातळ हात चालतो. तेल लावलेली फडकी मात्र चुरगळून डब्यात टाकू नका: तेल हवेतला ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून मगच टाका.